आमच्या घराचा गिलावा

रविवारी सकाळी फाटकाशी गाडी थांबली की पूर्वी मी चहाचं आधण ठेवायची. आता ठेवत नाही. गाडीतून उतरलेल्या माणसांना आमच्याकडे कुणाला भेटायचं नसतं, त्यांना घर बघायचं असतं. "काकू, एक फोटो काढू का?" असं विचारतात आणि मी हो म्हणायच्या आत काढून मोकळे होतात. मग त्यातला एखादा ओटीच्या भिंतीवरून हात फिरवतो नि बायकोला म्हणतो, "बघ, हे असं पाहिजे आपल्याला." मला विचारतो, "बरेच दिवस चाललं असेल ना काम?" मी सांगते, "विचारू नका हो, माझा जीव गेला." त्यांना वाटतं मी गंमत करतेय.

मी गंमत करत नाही. मी दमलेय. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात जन्मभर हिशेबाची नोकरी केली, ती संपवून घरी बसले. बसले म्हणजे आता खरोखर बसायला मिळेल अशी आपली माझी भाबडी समजूत. दादाने त्याच वर्षी घराचं काम काढलं.

घर थिबा पॅलेसच्या खालच्या अंगाला, उतारावर. ओटीवर उभं राहिलं की खाली खाडी, पूल आणि त्याच्यापलीकडे भाट्याची सुरूची झाडं दिसतात. माझ्या लहानपणी इथे राहायचं म्हटलं की लोक नाक मुरडत. बाजार लांब, चढ छातीवरचा, खाऱ्या वाऱ्याने दाराच्या कड्यासुद्धा गंजायच्या. आता त्याच वाऱ्यासाठी मुंबई-पुण्याची माणसं इथे जागा शोधत फिरतात. शेजारची दोन्ही घरं पाडून बंगले झाले. आमच्या घराकडे बघून दलाल गोड हसतात आणि वडिलांची तब्येत विचारतात. मेल्यांनो, तुम्हाला कशाला हव्यात चौकशा?

हे घर बांधलं आजोबांनी. पूर्णगडहून इथे आले, नारळाच्या व्यापारात थोडं हाती लागलं, तेव्हा जागा घेतली आणि चिऱ्याचं घर उभं केलं. भिंती झाल्या, वर कौलं चढली आणि हात आखडला. "गिलावा पुढच्या वर्षी करू," म्हणाले. ते पुढचं वर्ष त्यांच्या हयातीत आलंच नाही. आळीत वकिलांची, डॉक्टरांची घरं होती, सगळी पांढरीशुभ्र. मधे आमचं तेवढं लाल, उघडं. पोस्टमनसुद्धा "ते उघडं घर" असंच म्हणायचा.

आजकाल लोकांना चिरा फार आवडतो. आवडू दे. पण उघड्या चिऱ्याच्या घरात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा. चिऱ्याला भोकंच भोकं. पावसात भिंत पाणी पिते आणि श्रावण संपला तरी ओलीच राहते. उन्हाळ्यात तिची तांबडी भुकटी झडत राहते, अंथरुणात, पाण्याच्या हंड्यात, भातात. भिंतीला टेकून बसलं की पाठ तांबडी. आत्या सांगायची, शाळेत तिला मुली 'गेरू' म्हणून चिडवायच्या, कारण पोलक्याची मागची बाजू कायम तशीच. आणि भोकांत राहतात विंचू.

आमचे बाबा बोटीवर खलाशी होते. बोट म्हणजे मचवा नव्हे, मोठी मालवाहू आगबोट. एका सफरीला गेले की वर्ष वर्ष घरी येत नसत. दादाच्या जन्माच्या वेळी असेच ते बाहेर होते. आई बाळंतिणीच्या खोलीत, आणि भिंतीतून विंचू निघून तिला चावला. आई वाचली, दादाही सुखरूप राहिला, पण ती रात्र तिने जी काढली ती तिलाच माहीत. बाबांना ही बातमी मिळाली तेव्हा ते बसऱ्याच्या बंदरात होते. आई म्हणायची, परत आले ते चपला न काढताच थेट त्या खोलीत गेले, त्या भिंतीकडे बघत उभे राहिले आणि तसेच उलट्या पावली गवंड्याला आणायला बाहेर पडले. दादाला मांडीवर घेतलं ते त्यानंतर.

ती पहिली भिंत. तिचं नाव बसरा.

त्यानंतर रीतच पडून गेली. बाबा सफर करून यायचे, गवंडी यायचा, एका भिंतीला गिलावा व्हायचा. बाबा परत जायचे. जास्तीत जास्त दोन भिंती, तेवढंच जमायचं. ज्या बंदराच्या सफरीतून भिंत झाली त्या बंदराचं नाव तिला. माजघरातली मोठी भिंत जपान. जिन्याखालची हॅम्बुर्ग. देवघराची कोलंबो, कारण ती सफर छोटी होती आणि भिंतही छोटी. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. "ओली छत्री हॅम्बुर्गला टेकव गो," आई सांगायची. "कॅलेंडर जपानला लाव." एकदा दादाच्या शाळेतले मास्तर घरी आले, दादा कुठे आहे म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, "हॅम्बुर्गला अभ्यास करतोय." मास्तरांचा चेहरा अजून आठवतो. आई मागच्या दारी जाऊन पदर तोंडाला लावून हसत होती.

गिलावा ताजा असला की आठवडाभर त्याला पाणी मारायचं. ते काम दादाचं आणि माझं. तांब्याने भिंतीवर पाणी फेकायचं. भिंतीवर कमी, एकमेकांवर जास्त. आई ओल्या गिलाव्यावर हळदकुंकवाची बोटं ओढायची, मग त्यावरून चुना लागायचा. सगळं झालं की बाबा उजव्या हाताचा तळवा भिंतीवरून फिरवायचे आणि तळव्याकडे बघायचे. तांबडं नाही. मग हात झटकून म्हणायचे, "हां." एवढंच. फार बोलण्याची सवय नव्हती त्यांना.

आणि त्या "हां"नंतर थोड्याच दिवसांत त्यांची बॅग माळ्यावरून खाली यायची. मला नव्या भिंतीचा आनंद व्हायचा आणि रागही यायचा. भिंत झाली म्हणजे बाबा जाणार.

शेवटी उरली समोरची, दर्शनी भिंत. ती झाली तेव्हा मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. बाबा केस पिकवून आले होते. चुना लागला, तळवा फिरवून झाला. मग बाबांनी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकली, घराकडे तोंड करून बसले आणि आईला म्हणाले, "झालं गो. आता मला कुठं जायचं नाय." आणि खरंच गेले नाहीत. मुंबईला दादाकडेसुद्धा चार दिवसांवर राहायचे नाहीत. भाट्यापर्यंत चालत जायचे, समुद्राकडे जरा रागानेच बघायचे आणि परत यायचे. आई गेली तेव्हाही ओटीवर पाठ टेकून बसले होते, दर्शनी भिंतीला. मी म्हटलं, "आत चला बाबा." म्हणाले, "इथेच बरं आहे."

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय की पुढे काय झालं ते नीट कळावं. नाहीतर कुणालाही वाटेल, भिंतीचं काय एवढं.

मागच्या वर्षी बाबा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. दादा गाडी घेऊन आला, ऑपरेशनसाठी मुंबईला घेऊन गेला. नव्वदीच्या घरातला माणूस, वेळ लागणार होता. त्याआधीपासून थोडं विसरायचे, पण आमचं चाललं होतं. सकाळ की संध्याकाळ यात घोटाळा व्हायचा, माणसांत नाही. जाताना गाडीच्या काचेतून माझा हात धरला आणि म्हणाले, "बाय, मला परत आणा हां. तिथे ठेवू नका." मी म्हटलं, "आणणार, नाहीतर काय." तेवढंच त्यांचं मागणं होतं. घरी यायचं आणि घरीच राहायचं.

ते मुंबईत असतानाच दादाने घराचं काम काढलं. दादाचं मला वाईट सांगायचं नाही. कौलं फुटली होती, वाशांना वाळवी, न्हाणीत बाबांसाठी धरायला दांडा हवा होता. गिलावाही जागोजाग फुगला होता, पोपडे पडत होते. काम निघणारच होतं. दादाने हात सैल सोडला, वहिनीने मन घातलं. एक आर्किटेक्ट मुलगी आली, हुशार, चटपटीत. तिने भिंतीवर टिचक्या मारल्या, एका जागी खरवडलं, आतला लाल चिरा दिसला आणि तिचे डोळेच चमकले.

"काकू, हे सोनं तुम्ही सिमेंटखाली गाडून ठेवलंय!"

मी म्हटलं, "मी नाही, माझ्या बापाने."

ती हसली. तिला वाटलं मी कबुली दिली. मग तिने समजावून सांगितलं की सिमेंटमुळे चिऱ्यातली ओल बाहेर पडत नाही, म्हणूनच हे फुगे येतात, सगळा गिलावा काढायचा, चिरा घासायचा, वर पारदर्शक लेप द्यायचा, म्हणजे भुकटी झडणार नाही आणि विंचूबिंचूही नाही. आजोबांच्या वेळचं मूळ घर पुन्हा उघडं होईल. 'मूळ' हा शब्द ऐकून दादा हरखला. फोनवर मला म्हणाला, "विचार कर, बाबा येतील तेव्हा त्यांचं लहानपणचं घर समोर! काय वाटेल त्यांना!"

"त्यांना विचारलंस का?"

"सरप्राइज आहे गं."

"दादा, ती त्यांची भिंत आहे. एकेक सफर आहे त्यांची."

"अगं, भिंत कुठे जातेय? भिंत तिथेच आहे. वरचं फक्त निघतंय." मग जरा थांबून म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीत खोडा घालतेस."

झालं. त्याचा खर्च, त्याची धावपळ, हौस त्याची. मी भांडले, दोनतीनदा कडाडून भांडले, आर्किटेक्टसमोर तोंडही वाजवलं. शेवटी हात टेकले. "करा काय ते," म्हटलं आणि मागच्या पडवीत माझी खाट नेली.

तिथे मी किती महिने काढले ते माझं मला माहीत. छिन्नी-हातोड्याचा ठणठणाट सकाळपासून. धूळ अशी की तोंडातली थुंकीसुद्धा तांबडी. कामगारांना पाणी द्या, चहा द्या, वाळूचा ट्रक आला तर फाटक उघडा, लाईट गेली तर बोर्डात फोन करा. दर संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल. "जरा डावीकडे फिरव. जरा वर. अगं, हलवू नकोस ना." फोन धरून धरून माझा खांदा धरला. मला कुणी सांगितलं असतं की कारखान्यात परत ये, तर मी त्या दिवशी अनवाणी गेले असते.

बसरा पडली तेव्हा मी तिथे उभी होते. दोन माणसं, तासाभराचं काम. जपानला वेळ लागला, पक्की होती. ढिगाऱ्यात मी उगीच आईची हळदीची बोटं शोधली. चुन्याचे इतके हात वरून गेलेले, बोटं कुठली दिसायला? संध्याकाळी सगळं टेम्पोत भरून गेलं.

बाबांचा रोज फोन यायचा. म्हणजे दादाचा, त्यावर बाबा. एकच प्रश्न. "बाय, मला न्यायला कधी येतेस?"

"घर नीट करतोय बाबा, मग."

"घर नीटच आहे की," ते म्हणायचे.

शेवटी काम संपलं. खोटं कशाला बोलू, घर देखणं झालं. संध्याकाळचं ऊन दर्शनी भिंतीवर पडलं की लाल चिरा असा काही उजळतो की आपणच बघत राहावं. माळा काढला म्हणून माजघर उंच झालं. न्हाणीत दांडा, पायऱ्यांशेजारी उतार, बाबांच्या खाटेला दोन्हीकडून कठडा. सगळं विचार करून केलेलं. दादाने काही कमी केलं नाही.

दादा बाबांना घेऊन सकाळी आला. वहिनीने आदल्या दिवशीच येऊन झेंडूचं तोरण लावलं होतं, आर्किटेक्ट मुलगीही मुद्दाम आली होती. दादाने हाताला धरून बाबांना उतरवलं, वॉकर पुढे ठेवला, आणि वहिनीने मोबाइल धरला. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत उभे.

बाबा घराकडे बघत राहिले. बराच वेळ. दादा म्हणाला, "काय बाबा? ओळखलंत?" बाबा वॉकर टेकवत टेकवत उतारावरून ओटीवर चढले. तिथे थांबले, उजवा हात सोडवला, तळवा भिंतीवरून फिरवला आणि तळव्याकडे बघितलं. लेप दिलेला, तांबडं काही लागलं नाही. पण डोळ्यांना चिरा दिसत होताच. पुन्हा फिरवला. मग आत गेले, माजघरात जपानसमोर उभे राहिले, देवघरात डोकावले, बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून बसऱ्याकडे बघितलं. आम्ही सगळे मागे मागे.

माजघरातल्या आपल्या खाटेच्या कडेवर बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, माझी बॅग काढून ठेव माळ्यावरची."

"कशाला बाबा?"

"कशाला काय? घर अजून उघडं आहे नाय का." सगळ्या भिंतींवरून त्यांनी हात फिरवला, हवेतच. "एवढ्या सगळ्या व्हायच्यात. जायला हवं."

दादा हसला. त्याला वाटलं बाबांनी थट्टा केली. बाबा हसले नाहीत. दादाचं हसू मग हळूहळू उतरलं आणि वहिनीने मोबाइल खाली घेतला.

चार दिवसांनी दादा-वहिनी मुंबईला गेले. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जागा बदलली की असा गोंधळ होतो, सावरेल. नाही सावरला. बाबा पहाटे उठून शर्ट घालून, चपला चढवून खाटेच्या कडेला बसायचे. "बोट कधीची?" विचारायचे. ओटीवर चला म्हटलं तर येत नसत, जेवायला दिलं तर अर्ध्यावर ताट सारायचे, "जायचंय" म्हणून. रात्रीसुद्धा चपला काढायला तयार नसत. मी समजावलं, ओरडले, देवाशप्पथ ओरडले. "बाबा, तुम्ही रिटायर झालात! तुमचं सगळं करून झालंय!" ते शांतपणे भिंतीकडे बोट दाखवायचे. "मग हे काय?" जन्मभर राबलेला म्हातारा, त्याला पुन्हा कामाला निघायचं होतं, आणि पाय तर चालत नव्हते. त्या विवंचनेने तो डोळ्यांदेखत झिजत होता. घरी आणा म्हणाला होता, आणलं आम्ही, आणि घरी येऊनही माणूस घरी आलाच नाही.

एक दिवस माझी सटकली. दादाला फोन लावला.

"मी गिलावा करून घेतेय."

"काय?"

"तू ऐकलंस ते."

"अगं वेडी आहेस का तू? एवढा खटाटोप करून... लोक फोटो काढायला येतात आपल्याकडे!"

"लोकांना म्हणावं, चिरेखाणीवर जा, तिथे ढीग पडलाय. दादा, मी तुला विचारत नाहीये. सांगतेय."

मला वाटलं, आता वाजणार. पण वेगळ्याच आवाजात त्याने विचारलं, "कुठली?"

"त्यांच्या खाटेसमोरची."

"जपान," तो म्हणाला.

"हो. जपान."

"पाणी मारायला लागेल आठवडाभर," दादा म्हणाला. आणि मग, "कर."

आर्किटेक्ट मुलीला मीच कळवलं. म्हटलं, हिचं काय ते आधी ऐकून घेऊ. ती बिचारी रडवेली झाली. "काकू, मला कुणी सांगितलंच नाही हो," म्हणाली. ते खरंच होतं, मी सांगितलं ते भांडणात, भांडणातलं कोण ऐकतं? तिनेच सुचवलं की सिमेंट नको, चुन्याचा गिलावा करा, भिंतीला त्रास नाही. गवंडीही तिनेच पाठवला.

गवंडी आला त्या दिवशी बाबा नेहमीसारखे कडेला बसले होते. पहिली थापी भिंतीवर बसली, तो आवाज झाला आणि त्यांनी मान वर केली. मग हललेच नाहीत. जेवायलाही तिथेच. मधेच, "कोपरा बघ," म्हणाले. गवंडी म्हणाला, "बघतो आजोबा." संध्याकाळी ओल्या गिलाव्यावर मी हळदकुंकवाची बोटं ओढली, आईसारखी नाही जमली, वाकडी आली. मग रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी. माझे गुडघे, माझी कंबर, आणि पाणी मारायला दुसरं कुणी नाही. निम्मं पाणी माझ्याच अंगावर यायचं. बाबा खाटेवरून सांगायचे, "वर मार. वर राहिलं."

चुना लागून भिंत वाळली त्या दुपारी मी त्यांना धरून तिच्यापाशी नेलं. त्यांनी तळवा फिरवला. तळव्याकडे बघितलं. पांढरं थोडं लागलं होतं, तांबडं नव्हतं.

"हां," म्हणाले.

मी त्यांना परत खाटेवर बसवलं. बाकीच्या सगळ्या भिंती उघड्याच होत्या, मला धास्ती की आता ते त्या मोजायला लागतील. पण ते त्या एकीकडेच बघत होते.

"कुणी केली?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलं नाही, गवंड्याचं विचारतायत का. मग कळलं. ते तर इथे खाटेवर बसलेले. म्हणजे दुसरं कुणीतरी सफरीला जाऊन आलं असणार, त्याशिवाय भिंत होते थोडीच. दादाचं नाव सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेच बरोबर झालं असतं. पण माझ्या तोंडून गेलं, "मी."

"तू गेलीवतीस?"

"हो बाबा."

"कुठं?"

आता कुठं म्हणून सांगू? मी कुठे गेले जन्मात? सकाळची बस, संध्याकाळची बस, मग स्कूटी आली, मग पाठ धरायला लागली. घर ते कारखाना, तो एकच रस्ता.

"मिरजोळ्याला," मी म्हटलं.

हसतील असं वाटलं. नाही हसले. मान हलवली, लांबच्या बंदराचं नाव ऐकावं तशी.

"बरीच मोठी सफर झाली," म्हणाले. "कधी आलीस?"

"आत्ताच आले."

बाबा खाली वाकले. एक एक करून पायांतल्या चपला काढल्या आणि खाटेखाली सरकवल्या. मग जरा पलीकडे सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"दमली असशील बाय," म्हणाले. "बस."

मी बसले.